पार्ट आला नाही, सर्व्हे आला

शनिवारी दहा ते दोनच्या मध्ये येतो म्हणालेला मेकॅनिक पावणेतीनला उगवला, वॉशिंग मशीनचा खालचा फिल्टर फिरवला, परातभर काळं पाणी आणि माझीच एक हेअरपिन काढून दाखवली आणि म्हणाला, ताई ड्रेन पंप गेलाय, पार्ट मागवावा लागेल, चार-पाच दिवस धरा. बरं म्हटलं. तो लिफ्टपर्यंतही पोचला नसेल, मी ती परात दोन्ही हातांत धरून, सांडू नये म्हणून श्वास रोखून बाथरूमकडे चाललेय, आणि मोबाइल टिंग. मेल. "अभिनंदन! तुमची तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. आमची सेवा कशी वाटली?"

आत ड्रममध्ये डबल बेडच्या दोन चादरी साबणासकट बसल्यात, बाहेर वाघबीळला पाऊस असा की गॅलरीतल्या परवाच्या कपड्यांना कुबट वास सुटलाय, आणि यांना सेवा कशी वाटली ते हवंय. लगेच. गरमागरम.

बरं सुरुवात काय, तर "प्रिय फर्स्ट अंडरस्कोर नेम". माझ्या नावाच्या जागी खरंच तसंच, महिरपी कंसासकट. आणि पुढच्याच ओळीत, तुम्ही आमच्यासाठी खास आहात. अहो खास आहे तर पाठवायच्या आधी एकदा स्वतःला टेस्ट मेल पाठवून बघायला काय होतं? बिलावर बरोबर येतं नाव, तेही नवऱ्याचं, मशीनचे पैसे मी भरलेत तरी.

"फक्त 2 मिनिटं" लिहिलेलं म्हणून दाबली लिंक. पहिला प्रश्न तोच, आमची शिफारस मित्रमंडळींना कराल का, 0 ते 10. फ्रेड राइकहेल्ड म्हणून एक अमेरिकन कन्सल्टंट, त्याने 2003 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत या एका प्रश्नावर लेख लिहिला आणि तेव्हापासून जगात कोणाला सुखाने काही विकत घेता येत नाही. त्याचा हिशेब असा की 9 आणि 10 वाले तुमचे, 0 ते 6 सगळे एकाच पोत्यात नाराज, दोघांच्या टक्क्यांची वजाबाकी करायची, आणि 7-8 वाल्यांना काही किंमतच नाही. आता मला सांगा, मराठी मीडियममध्ये शिकलेल्या माणसाने काय करायचं? आमच्या बाईंनी निबंधाला दहापैकी सातच्या वर कधी कोणाला दिले नाहीत, आणि सात मिळाले की घरी पेढे यायचे. आमच्याकडे "वाईट नाही" म्हणजे उत्तम. मी मनापासून खूश होऊन आठ दिले असते तरी ते हिशेबात नाहीत, आणि सहा, म्हणजे आमच्या भाषेत फर्स्ट क्लास, दिले तर मी आणि शिव्या घालणारा एकाच रांगेत.

मी 2 दिले. पुढचं पान उघडलं तर तक्ता. मोबाइलवर. अतिशय समाधानी, समाधानी, ना समाधानी ना असमाधानी, आणि असमाधानी कुठेय तर स्क्रीनच्या बाहेर, बोटाने सरकवा, सरकवलं की डावीकडचा प्रश्न गायब. "तंत्रज्ञाचा पेहराव". रेनकोट घातलेला हो त्याने! त्यानंतर घरातली माणसं किती, महिन्याचं उत्पन्न किती. पंपाचा आणि माझ्या पगाराचा काय संबंध? वरची निळी पट्टी 90 टक्क्यांवर जाऊन बसली ती बसलीच, घोडबंदर रोडला सिग्नल सुटूनही गाडी हलत नाही तशी. आणि तेवढ्या सगळ्यात "मशीन सुरू झालं का?" हा एक प्रश्न कुठ्ठे नाही. मी शोधला.

दिलं सोडून. तर सोमवारी ऐरोलीहून घरी येताना गाडीत रिमाइंडर. "तुमच्या मताची आम्ही वाट पाहतोय." म्हटलं बघा, वाट बघतायत, लिहू या. एका हाताने वरची कडी, दुसऱ्या हाताने टाइप, दिघा गावपासून ठाणं येईपर्यंत चांगलं खणखणीत उत्तर लिहिलं, पाठवलं, आणि प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायच्या आत मेल परत! हा पत्ता उत्तरं स्वीकारत नाही. नो-रिप्लाय. म्हणजे माणसाला घरी बोलवायचं, दार आतून लावायचं आणि वर विचारायचं, का हो बोलत नाही?

आता इथे एक सांगायला हवं, नाहीतर ऑफिसमधलं कोणीतरी हे वाचेल आणि मला सांगायची सोय राहणार नाही. असले मेल मी स्वतः लिहिते. पोटासाठी. मार्चमध्येच ग्राहक सर्व्हेचं आमंत्रण आमच्या टेबलावरून गेलं, प्रत्येक डिपार्टमेंटने "आमचे दोनच प्रश्न घाला गं" करत करत 31 प्रश्न झाले, वर मीच लिहिलं की फक्त 5 मिनिटं, पाठवलं कधी तर शुक्रवारी संध्याकाळी, लोक डबे भरून निघालेले असताना. पाठवणाऱ्याचा पत्ता? नो-रिप्लाय. उत्तरं आली नाहीत तर सर म्हणाले रिमाइंडर टाक. तीन टाकले. एका भल्या माणसाने आमच्या सेल्सच्या मुलाला गाठून निरोप दिला, आधी माझं बिल दुरुस्त करा, मग अनुभव सांगतो. त्यावर मी हसले होते. जोरात.

अवघड आहे का खरं? खाली खऱ्या माणसाचं नाव, उत्तर पाठवलं तर ते कोणीतरी वाचणार. "मॅडम, शनिवारी आमचा माणूस आला होता, मशीन चालू झालं का? हो किंवा नाही दाबा." हो-नाहीची बटणं मेलमध्येच. अजून विचारायचं तर का विचारताय, खरी किती मिनिटं लागतील आणि कधीपर्यंत भरायचं ते सांगा. बास. मी मार्चमध्ये हेच सुचवलेलं. म्हणजे सुचवणार होते, मीटिंगमध्ये समोसे आले.

आणि ते अनसबस्क्राइब! तळाशी, फिकट राखाडी, मुंगीच्या पायाएवढं. दाबलं तर "जाण्याचं कारण सांगा", परत पाच पर्याय. बँकेत पासबुक भरलं, सर्व्हे. आईचा एक्स-रे काढला, सर्व्हे, अनुभव कसा होता म्हणे, अहो घोटा मोडलाय तिचा. ज्याबद्दल मला खरंच बोलायचंय त्याचा एकही येत नाही. घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या घाटातल्या रस्त्याचा पाठवा ना! सगळे रकाने भरून वर पुरवणी जोडेन, दोरा माझा.

आज दुपारी मेकॅनिकचाच फोन. "ताई, तेवढे दहा द्या ना. नऊ आले तरी सायब बोलवून घेतात." मी म्हटलं, अरे पार्ट? "पार्ट नाय आला अजून. पण तेवढं दहाचं बघा." आवाज असा पडलेला की मला त्या रेनकोटची आठवण झाली, दाराबाहेर काढून घडी करून ठेवलेला, लादी ओली होऊ नये म्हणून.

दिले दहा. शनिवारचे दोन खोडून. लगेच नवीन पान, दहा का दिले ते लिहा, किमान 50 अक्षरं. मी लिहिलंय, "पोरगा बरा आहे. चादरी अजून ओल्याच आहेत." कमी पडतायत म्हणे.