माठाच्या मेसेजमधलं खरं-खोटं

उन्हाळा लागला की घरच्या ग्रुपवर माठाचा मेसेज येतोच. माती मुळातच थंड, ती पाण्यातली उष्णता ओढून घेते. माठ फार पाझरत असेल तर बाहेरून ऑइलपेंट मारा. कुठल्याही गावी पाणी फ्रिजसारखं गार मिळेल. तांब्याचा हंडाही तितकाच गार, हात लावून बघा. शिवाय माठामुळे खोली थंड राहते. आणि शेवटी, माठ ओल्या वाळूवर ठेवा. माठ वापरायला कोणाची ना आहे? पण यातल्या काही गोष्टी ऐकल्या तर चांगला माठ वाया जाईल.

माती थंड असते, इथपासूनच घोळ आहे. एका खोलीत बराच वेळ पडून असलेली विटा, लाकूड, स्टीलची भांडी सगळी खोलीच्याच तापमानाला येतात. मातीने पाण्याची उष्णता ओढली असती, तर ती तेवढी तापून दोघांचं तापमान सारखं झालं असतं आणि पुढे काहीच घडलं नसतं. माठ तर भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. कारण त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं आणि उडून जातं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० जूल उष्णता लागते, आणि एक ग्रॅम पाणी १ अंशाने निववायला फक्त ४.२ जूल काढावे लागतात. म्हणजे दहा लिटर पाणी १० अंशांनी उतरवायला, सगळी उष्णता त्या पाण्यातूनच घेतली गेली तर, पावणेदोनशे ग्रॅम पाणी उडालं तरी पुरे. प्रत्यक्षात जास्त उडतं, कारण बाहेरची गरम हवा आणि तापलेल्या भिंती माठाला उष्णता देतच असतात.

मग ऑइलपेंटचं काय होणार, हे सांगायलाच नको. छिद्रं बुजली की माठ आणि प्लास्टिकची बादली सारखीच. बाजारात चकचकीत रंगवलेले, नक्षीचे माठ मिळतात. शोभेला घ्यायचे तर घ्या.

‘कुठल्याही गावी’ हा दावा सर्वांत फसवा, कारण तो विदर्भात जवळजवळ पटतो. हवा जितकी कोरडी तितकं पाणी भराभर उडतं. हवेत आधीच दमटपणा असेल तर ते रेंगाळतं. भिजवलेलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकाला वारा दिला की पारा जिथे थांबतो, ती माठाची खालची हद्द. बहुतेक माठ तिथवरही पोचत नाहीत. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४३ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर ही हद्द २२-२३ अंशांवर येते. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के असेल तर ती २८ च्या आसपास. वाळ्याच्या ताट्यांचा कुलर विदर्भात घरोघरी चालतो आणि कोकणात नुसता घाम वाढवतो, त्याचं कारणही हेच. फ्रिजमधलं पाणी ४-५ अंशांवर असतं. तिथवर माठ कुठेच जात नाही, आणि घशाला तेवढं गार हवं असतं असंही नाही.

तांब्याच्या हंड्याची परीक्षा हाताने घ्यायची नसते. आपली त्वचा ३३-३४ अंशांच्या आसपास असते. त्याहून गार खोलीत धातू हातातली उष्णता झटकन वाहून नेतो, म्हणून गार लागतो. शेजारचा लाकडी पाट त्याच तापमानाला असूनही तसा लागत नाही. पण खोली ४२ अंशांवर गेली की तोच हंडा पाटापेक्षा गरम लागेल. तापमापक आत बुडवा, हंड्यातलं पाणी खोलीइतकंच निघेल.

खोली थंड होण्याचा हिशोब छोटा आहे. दिवसभरात एक लिटर पाणी उडालं, तर सरासरी २८ वॅट उष्णता शोषली जाते. शांत बसलेला एक माणूस १०० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. वरचा तापलेला स्लॅब तर रात्री उशिरापर्यंत उष्णता फेकत राहतो. म्हणजे एका माठाने खोलीला फरक पडत नाही.

ओल्या वाळूचा सल्ला मात्र बरोबर आहे. तळाशी ओल राहते, तिथूनही पाणी उडतं. फक्त वाळूत पाणी शिंपडत राहा, माठ सावलीत पण वाऱ्याला ठेवा आणि बंद कपाटात कोंबू नका.