एक रेघ की दोन रेघा?

24 जानेवारी 2022 पासून शाळा पुन्हा भरणार असे जाहीर झाले, आणि टपरीशेजारच्या आमच्या कट्ट्यावर मास्तरांनी प्रस्ताव मांडला की अडीचशे रुपयांत कोरोनाची घरी चाचणी करायचे किट मिळते, तेव्हा प्रत्येक मुलाची ही झटपट निकालाची अँटिजेन चाचणी करूनच त्याला वर्गात घ्यावे.

लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या आमच्या मित्राने चहाचा ग्लास खाली ठेवला. 17 अभ्यासांतील 6,355 मुलांचा एक आढावा त्याच आठवड्यात प्रसिद्ध झाला होता. "मास्तर, आरटीपीसीआर या प्रयोगशाळेतल्या तपासणीने बाधित ठरलेल्या शंभर मुलांपैकी ही चाचणी सरासरी 64 पकडते, लक्षणे असली तर 72, नसली तर 56. जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा किमान 80 ची आहे."

"जी सुटतात त्यांच्या नाकात विषाणूच कमी असणार," वकीलसाहेबांनी हरकत घेतली. "आरटीपीसीआर बरे झाल्यावरही पॉझिटिव्ह येते."

हे लॅबवाल्या मित्राने अर्धेच मान्य केले. संसर्ग ओसरताना विषाणू कमी असतो, तसा सुरुवातीलाही असतो, आणि आज सुटलेले मूल परवा वर्गात खोकत बसते. शिवाय नमुना नीट मिळायला हवा. गेल्या आठवड्यात आईने मांडीवर घट्ट धरलेल्या सहा वर्षांच्या मुलीने काडी नाकाला टेकताच मान अशी फिरवली, की काडीवर जे आले ते बहुतेक डोळ्यांतले पाणीच असावे.

"पण दोन रेघा, म्हणजे पॉझिटिव्ह, आल्या की खात्री?" मास्तरांनी विचारले.

त्यावर त्याने उधारीच्या चिठ्ठीमागे हिशेब मांडला. निरोगी शंभरांतील 99.1 जणांना ही चाचणी निगेटिव्हच ठरवते. हजार मुलांत 50 बाधित असतील तर 32 सापडतील आणि नऊ निरोगी मुले उगाच घरी बसतील. बाधित पाचच असतील, तर सापडतील तीन आणि उगाच बसणारी तरीही नऊच. चाचणी तीच, काडी तीच, पण दोन रेघांचे वजन साथीच्या जोरावर ठरते, हे मला त्या चिठ्ठीमुळे प्रथमच उमगले.

"लक्षणे असून एकच रेघ, म्हणजे निगेटिव्ह, आली तर आरटीपीसीआर करावी, हे आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, 2020 पासून सांगत आहे," तो म्हणाला.

मास्तर चहा अर्धा टाकून उठले. नातवाला कालपासून ताप होता, आणि एकच रेघ पाहून त्यांनीच त्याला सकाळी शिकवणीला पाठवले होते.