जादूचं घर, कार्पेट एरिया कळला नाही

‘एन्कांतो’ हा डिस्नेचा पिक्चर २०२१ चा, आणि मी त्यावर आत्ता लिहितेय कारण आमच्या घरातून तो अजून उतरलेलाच नाहीये. लेकीला सुट्टी लागली की सकाळी चहाच्या आधी तो चालू होतो, आणि वन आरकेमध्ये ‘जा, दुसऱ्या खोलीत बस’ असं म्हणायची सोयच नाही, त्यामुळे मी तो भाजी चिरताना बघितलाय, लादी पुसताना बघितलाय, अंगात ताप असताना पण बघितलाय.

मोठमोठे समीक्षक म्हणे ह्यात पिढ्यानपिढ्यांचं दुःख शोधतात. असेल बाबा. पण मी लालबागची बाई, मला आधी घर दिसलं. कोलंबियाच्या डोंगरात माद्रिगाल फॅमिली राहते, पोर पाच वर्षांचं झालं की त्याला जादूची शक्ती मिळते, कोणाला ताकद, कोणाला फुलं, कोणाला जनावरांची भाषा, आणि वर प्रत्येकाला स्वतंत्र खोली! त्या छोट्या अंतोनियोच्या दारामागे तर अख्खं जंगल निघतं. फुलांचं राहू दे हो, दाराआड जंगल आणि मेंटेनन्स शून्य, जादू म्हणतात ती ही. हिरॉइन मिराबेलला बिचारीला काहीच शक्ती मिळत नाही, म्हणून ती मावसभावाबरोबर पोरांच्या खोलीत झोपते, आणि ह्यावर आम्ही हळहळायचं. आम्ही! ज्यांच्याकडे सासूबाई, फ्रीज आणि शिलाई मशीन एकाच भिंतीला आहेत.

सासूबाई मात्र पूर्ण मिराबेलच्या आजीच्या पार्टीत. नवरा मारला गेला, तीन तान्ही पोरं घेऊन एकटीने सगळं उभं केलं, ‘आणि ही कालची कार्टी तिला शिकवणार!’ दर वेळी त्याच सीनला, तेवढ्याच रागाने.

गाणी लिन मॅन्युएल मिरांडाची. चांगली आहेत, तीच तर पंचाईत आहे, वाईट असती तर डोक्यात राहिली नसती. ब्रूनोचं नाव काढायचं नाही, ह्या अर्थाचं गाणं अमेरिकेत बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीत पाच आठवडे एक नंबरला होतं, आणि डिस्नेने ऑस्करला पाठवलं भलतंच, एक हळवं स्पॅनिश गाणं, ते हरलं. पिक्चरला मिळालं म्हणा ऑस्कर. तर हा ब्रूनो म्हणजे मिराबेलचा मामा. त्याला भविष्य दिसतं. एकीला म्हणाला तुझा मासा मरणार, मेला. एकाला म्हणाला पोट सुटणार, सुटलं. मग सगळे त्याच्यावरच उखडले, आणि तो दहा वर्षं घराच्या भिंतीआड उंदरांबरोबर राहतोय, भेगांना आतून लांबी भरतोय, घरच्यांची पंगत फटीतून बघतोय.

गणपतीत घर माणसांनी भरलेलं असताना लेकीने मोदक चावत विचारलं, ‘आपल्याकडे ब्रूनो कोण?’

आत्याबाईंना एकदम पाणी प्यावंसं वाटलं. कारण आहेत ना आमच्याकडे. नाना, सासूबाईंचे धाकटे दीर. चाळ रिडेव्हलपमेंटला द्यायच्या मीटिंगमध्ये सह्या चालू असताना उठून म्हणाले, हा बिल्डर पळणार. पळाला. चाळ पाडून झाली, भाड्याचे चेक यायचे बंद झाले आणि राग निघाला नानांवर, जसं काही त्यांनीच त्याला टॅक्सीत बसवून दिला. तेव्हापासून नानांना आमंत्रण नाही, विषयपण नाही.

पिक्चरच्या शेवटाकडे त्यांचंही घर कोसळतं बरं का. आणि गावकरी फुकट येऊन एका गाण्यात परत बांधून देतात. एका गाण्यात! ना ट्रान्झिट कॅम्प, ना बिल्डरचा कॉर्पस फंड, ना ओसी, म्हणजे राहायला जायचा दाखला. मला इथे हमखास रडू येतं, लेकीला वाटतं आई किती इमोशनल आहे.

परवा मी आंघोळीला गेले तेवढ्यात तिने माझ्या मोबाइलवरून नानांना फोन लावला, तोही स्पीकरवर, सासूबाईंच्या शेजारी बसून.

‘नाना आजोबा, तुम्ही पण भिंतीतच राहता का?’

‘नाही गं बाळा, नालासोपाऱ्याला.’