घडी नीट बसेपर्यंत

झाडाचं, नदीचं, फाटक्या पुस्तकाचं मनोगत शाळेत सगळ्यांनी लिहिलंय. प्रथिनाचं कुणी लिहिलं नाही, म्हणून मीच बोलतो. मी कॅथेप्सिन डी. राहणार लायसोसोम, म्हणजे पेशीतली कचरा मोडणारी पिशवी, धंदा, इतर प्रथिनांचे तुकडे करणं. तिथे पोचेपर्यंत माझेच तुकडे झाले नाहीत, हे नवल.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ; तिची ठरलेल्या आकारात घडी बसली, तरच ती कामाची. माझी लांबी ४१२ अमिनो आम्लं. ही माळ ओवणारा रायबोसोम सेकंदाला पाचेक जोडतो, म्हणजे दीड मिनिटाच्या आत मोकळं व्हायला हवं. पण डोक्याकडची वीसेक पाण्याचा तिटकारा असलेली आम्लं बाहेर डोकावली रे डोकावली, की एसआरपी नावाचा कण येऊन बोकांडी बसतो. काम मंदावतं आणि रायबोसोमसकट माझी वरात आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतल्या घडी घालायच्या कारखान्याच्या दारात. सेक६१ च्या अरुंद भोकातून धाग्यासारखं आत ओढून घेतात आणि ज्या तुकड्याच्या जोरावर प्रवेश मिळाला, तोच छाटून टाकतात. काम झालं, वैद्य मेला!

(केंद्रकाकडे जाणारे भाग्यवान, घातलेल्या घडीसकट छिद्रातून पार होतात. तंतुकणिकेच्या आत जाणाऱ्यांना मात्र घडी मोडून सरळ व्हावं लागतं.)

आत पोचलो की खरा छळ सुरू. माझ्यातल्या ॲस्परॅजिन नावाच्या दोन आम्लांवर प्रत्येकी १४ साखरांचं झुंबर टांगतात: २ एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन, ९ मॅनोज, ३ ग्लुकोज. टांगून होत नाही तोच वरची दोन ग्लुकोज काढून घेतात. एक उरलं की घडी घालायला मदत करणारा कॅल्नेक्सिन मानगूट धरतो आणि त्याचा जोडीदार ईआरपी५७ गंधकाचे बंध बांधतो, चुकला तर सोडून पुन्हा बांधतो. मग तिसरं ग्लुकोज निघतं. सुटलो म्हणावं, तर पुढे यूजीजीटी नावाचा तपासनीस उभा. हा मला चाचपून बघतो. आत दडायला हवा असा एखादा तेलकट भाग बाहेर राहिलेला हाताला लागला, की एक ग्लुकोज परत चिकटवतो. चला, पुन्हा कॅल्नेक्सिनकडे!

हे असं किती वेळ? तर मॅनोज संपेपर्यंत. एकेक मॅनोज सावकाश छाटणारी विकरं शेजारीच बसलेली असतात. तेच इथलं घड्याळ. जास्त रेंगाळलेल्याला उलट्या वाटेने पेशीद्रवात ढकलतात. अंगावर युबिक्विटिनची, म्हणजे ‘मोडीत काढा’ अशा खुणेची माळ पडते, पी९७ नावाचं यंत्र एटीपी हे पेशीचं इंधन जाळून ओढून काढतं आणि प्रोटिआसोम ही चक्की त्याचा भुगा करते.

यात माझी एक तक्रार आहे. तुम्हाला काम येतं का, हे इथे कुणीच विचारत नाही. फक्त बसता कसे ते बघतात. पेशीच्या पडद्यातून क्लोराइड सोडणारा सीएफटीआर बिचारा १४८० अमिनो आम्लांचा. त्यातलं ५०८ वं फिनिलॲलॅनिन तेवढं गळालं, तर जवळजवळ सगळा माल इथेच मोडीत जातो. पेशीच्या पडद्यापर्यंत पोचला असता तर थोडंफार क्लोराइड नक्की सोडलं असतं. पण नाही! परिणाम: सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार. त्याच्यासाठी आता घडी सावरणारी औषधं निघाली आहेत. आम्हाला मात्र आपलं आपणच सावरायचं.

पास झालो की कोपटू नावाच्या आवरणाच्या पुटिकेत, म्हणजे इवल्याशा पिशवीत बसून गॉल्जीकडे, म्हणजे पेशीच्या टपालघराकडे. तिथे माझ्या मॅनोजवर फॉस्फेटचा शिक्का मारतात. हा शिक्का म्हणजे सगळं काही. तो मारणारं विकरच नसेल, तर आमची अख्खी जमात पेशीबाहेर फेकली जाते आणि लायसोसोममध्ये कचऱ्याचे ढीग साचतात. आय-सेल हा आजार तो हाच. शिक्का ओळखणारा ग्राही मला पुटिकेत घालून पुढे नेतो आणि वाटेत आम्लता वाढली की हात सोडून परत फिरतो. निरोप नाही, काही नाही.

लायसोसोममध्ये सामू पाचाच्या खाली. इथे माझ्या तोंडावरची मुसकी, म्हणजे पुढचा अडवणारा तुकडा, कापली जाते आणि मी कामाला लागतो. कधी कधी आंतर्द्रव्यजालिकेचा जुना झालेला तुकडाही इथे मोडायला येतो. त्यात मधूनच एखादा कॅल्नेक्सिन असतो.

त्याची घडी नीट आहे की नाही, हे मी बघत नाही.