कोंबडीला दुखतं, सुईदोरा खाली ठेवा

मांजराने ताईच्या कोंबडीच्या पाठीचा चावा घेतला. तिचा फोन आला तेव्हा ती सुई उकळून, दोरा ओवून बसली होती. का, तर सगळीकडे फिरणाऱ्या एका मेसेजात तसं लिहिलंय: ‘कोंबडीची जखम घरीच बरी करा, डॉक्टरची गरज नाही.’ ताईसारखी शहाणी बाई त्यावर विश्वास ठेवते, तर बाकीच्यांचं काय?

मेसेजची सुरुवातच अशी: ‘कोंबडीला वेदना जाणवत नाहीत, म्हणून जखम साध्या सुईदोऱ्याने शिवून टाका.’ हे धादांत खोटं आहे. २००० साली ‘व्हेटरिनरी रेकॉर्ड’ या पशुवैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. ब्रॉयलर कोंबड्यांपुढे दोन प्रकारचं खाद्य ठेवलं होतं, त्यातल्या एकात कार्प्रोफेन हे वेदनाशामक मिसळलेलं. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचं खाद्य धडधाकट कोंबड्यांपेक्षा जास्त खाल्लं, आणि लंगडेपणा जितका जास्त, तितकं औषध जास्त. दुखत नसतं तर त्या औषध कशाला निवडतील? कोंबडी ओरडत नाही, कारण दुखणं दाखवणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी येतो. ती गप्प राहिली म्हणून सुई खुपसायची?

आणि शिवल्यावर होतं काय, तेही ऐका. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो. वरून जेमतेम टोचल्यासारखं दिसतं, पण आत पाश्चुरेला नावाचे जंतू सोडलेले असतात. भोक शिवलं की ते आतच कोंडले जातात. त्यात कोंबडीचा पू आपल्यासारखा पातळ होऊन वाहत नाही. पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज हे विकर नसतं, त्यामुळे पू घट्ट, पिवळट, चुरा होणारा गोळा होऊन बसतो. तो आपोआप निचरत नाही, डॉक्टरला कापूनच काढावा लागतो. म्हणजे ज्या डॉक्टरला टाळायला शिवलं, त्याच्याकडेच जायचं, तेही कोंबडी अर्धमेली झाल्यावर.

‘फेस थांबेपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड ओता.’ अजिबात नको. जंतूंबरोबर जखम भरून काढणाऱ्या नव्या पेशीही त्याने मरतात. शिवाय कोंबडीच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या पार पोटापर्यंत पसरलेल्या असतात. खोल भोकात ओतलेला द्रव तिथे शिरू शकतो. जखमेतून श्वासाबरोबर बुडबुडे येताना दिसले, तर काहीही न ओतता तिला तडक डॉक्टरकडे न्या.

‘अंग गरम लागलं तर माणसाची तापाची गोळी अर्धी द्या.’ अहो, कोंबडीचं नेहमीचं तापमानच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं! ती आपल्या हाताला गरमच लागणार.

मिठाच्या पाण्याने धुवायला सांगितलंय, ते मात्र बरोबर आहे, मान्य करावंच लागेल. पण ‘मूठभर मीठ’ नव्हे. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्याला ९ ग्रॅम, बस्स. जखमेभोवतीची पिसं कात्रीने कापा, म्हणजे खरी जखम दिसेल. माशीच्या अंड्यांतून एका दिवसाच्या आत अळ्या निघू शकतात, तेव्हा सकाळ-संध्याकाळ पिसं बाजूला सारून बघा.

‘वेगळं ठेवलं तर कळप तिला परत घेत नाही’ यातही थोडं तथ्य आहे. पण रक्त दिसलं की बाकीच्या तिथेच टोचे मारतात, म्हणून वेगळं ठेवावंच लागतं. मध्ये जाळी लावा. एकमेकींना दिसत राहिल्या की पुरे.

मांजर-कुत्र्याचा चावा असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल फोडून जखमेवर टाकू नका. आणि डॉक्टरने औषध दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे तिथेच विचारा. बलक भरायला दहाएक दिवस लागतात, त्यामुळे औषध संपल्यावरही त्याचा अंश अंड्यांत येत राहू शकतो.