नळीतलं पाणी आत्याच्या अंगातलं नव्हे

“सीपॅप लावणाऱ्यांनो सावधान! सकाळी उठल्यावर तोंडाला कोरड पडते? मशीन रात्रभर तुमच्या शरीरातलं पाणी शोषून घेतं. पुरावा हवा असेल तर सकाळी नळी उलटी करून बघा.”

ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी मंडळींच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या हा मजकूर फिरतोय. सीपॅप म्हणजे झोपेत ज्यांचा श्वास वारंवार अडतो (स्लीप अ‍ॅप्निया), त्यांनी रात्री मास्क लावून वापरायचं हवेचं मशीन. शहराच्या लष्कर भागात राहणाऱ्या माझ्या आत्याने नळी उलटी करून बघितली. पाणी निघालं. झालं, त्याच दिवशी मशीन कपाटात गेलं. आता ती पुन्हा भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतकं घोरते, मधेच श्वास अडकून दचकते आणि दुपारी पोथी उघडली की दुसऱ्या पानावर पेंगते. ज्या काकांनी तो मजकूर पाठवला ते म्हणतात, “सावध राहायला काय जातं?” जातं, काका. म्हणून हे लिहितोय.

पूर्ण मजकूर ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मशीन पाणी शोषतं आणि त्यामुळे किडनी निकामी होते. उपाय म्हणून तोंडाला चिकटपट्टी लावून झोपा, मशीनच्या टाकीत निलगिरीचं तेल घाला, रात्री दोन लिटर पाणी प्या. खरं तर मशीन सोडूनच द्या, कारण सवय लागते. कंपनीने स्वतःच मशीनं परत मागवली होती. आणि इतकं सगळं सांगून झाल्यावर सगळ्यात खाली मशीन निर्जंतुक करणाऱ्या ओझोनच्या डब्याची जाहिरात. मशीन सोडायचं आणि ते धुवायला डबाही घ्यायचा! मधे कुठेतरी “वरिष्ठ तज्ज्ञांचं मत” असंही आहे. तज्ज्ञ कोण, कुठले, त्याचा पत्ता नाही.

आधी नळी, कारण आत्या तिथेच फसली.

सीपॅप हवा आत ढकलतं, ओढत नाही. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरचा प्रयोग छापला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते, श्वास अडतो. नाकावाटे सतत हलक्या दाबाने हवा दिली की ती वाट उघडी राहते. घरगुती मशीनचा दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका असतो. तुम्ही सोडलेला श्वास मास्कवरच्या बारीक भोकांतून बाहेर जातो. नळीत वारा कायम मशीनकडून तुमच्याकडे वाहतो, त्यामुळे तुमच्या अंगातलं पाणी त्या वाऱ्याच्या उलट पोहत नळीत यायला काही मार्गच नाही.

मग पाणी आलं कुठून? टाकीतून. मशीनला जोडलेल्या ह्युमिडिफायरमध्ये पाणी गरम होतं आणि हवा त्यावरून जाताना ओलावा घेते. ३७ अंशांची हवा घनमीटरमागे साधारण ४४ ग्रॅम वाफ धरू शकते, ५ अंशांची जेमतेम ७ ग्रॅम. आता आपल्याकडची जानेवारीतली रात्र डोळ्यांसमोर आणा. बाहेर धुकं, खोली गारठलेली, पांघरुणाबाहेर काढलेला हात परत आत घ्यावासा वाटतो. त्या खोलीतून दीड-दोन मीटरची उघडी नळी जाते. आतली दमट हवा वाटेतच गार होते आणि पाणी नळीला धरतं, पहाटे गुडगुड आवाज येतो. आत्याकडे मशीन बसवायला आलेल्या माणसाने ह्युमिडिफायर सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवला, “जितना ज़्यादा उतना अच्छा, आंटी” म्हणाला आणि चहाही न घेता गेला. नळीत पाणी साचणारच होतं.

याचा उपाय आहे. ओलाव्याचा आकडा एक-दोन घर खाली आणा, नळीवर कापडाचं आवरण घाला, परवडत असेल तर गरम राहणारी नळी घ्या. मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे साचलेलं पाणी नाकाकडे न येता परत टाकीकडे जाईल. तरी विश्वास बसत नसेल तर टाकीवर पाण्याची खूण करून झोपा. सकाळी पातळी उतरलेली दिसेल. ते पाणी आत्याचं नाही, तिने स्वतःच रात्री भरलेलं आहे.

किडनीबद्दल वेगळं काही लिहायची गरज नाही. पाणीच शोषलं जात नाही, तर पुढचं सगळं हवेत.

आता जे खरं आहे ते मान्य करतो. सीपॅपने तोंड कोरडं पडतं. ही खोटी तक्रार नाही, फार जणांची आहे, आणि “सवय होईल हो” म्हणून ती उडवून लावणारे डॉक्टर आणि विक्रेते या फॉरवर्डला निम्मे जबाबदार आहेत. पण कोरड का पडते, ते तरी नीट समजून घ्या.

नाक हे फार काटकसरी इंद्रिय आहे. श्वास घेताना ते हवेला ओलावा देतं आणि सोडताना त्यातला काही परत घेतं. मास्क नाकावर असताना झोपेत तोंड उघडं पडलं, की नाकातून आत आलेली हवा तोंडातून निसटते. नाक देत राहतं, परत काही मिळत नाही. अस्तर सुकतं, सुजतं, नाक चोंदतं. नाक चोंदलं की माणूस आणखी तोंडाने श्वास घेतो, आणि पहाटेपर्यंत जीभ टाळूला चिकटलेली असते. हे माझ्या मनाचं नाही. सलिव्हन यांच्याच गटाने १९९६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ रेस्पिरेटरी अँड क्रिटिकल केअर मेडिसिन’मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. सीपॅप चालू असताना निरोगी माणसांना मुद्दाम तोंडातून हवा सोडायला लावली, तर नाकातला अडथळा चांगलाच वाढला. तीच हवा गरम आणि दमट करून दिली, तेव्हा ही वाढ बरीच रोखली गेली. म्हणजे कोरडेपणाचं मूळ बहुतेक वेळा हवा निसटण्यात असतं आणि त्यावरचा पहिला उपाय गरम ओलावा. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१९च्या मार्गदर्शनातही गरम ह्युमिडिफायर वापरावा असंच सुचवलं आहे.

“तोंड उघडं पडतं ना, मग चिकटपट्टी लावा!” फॉरवर्डमधला हा सगळ्यात घातक मुद्दा, आणि तो हुशारीचा वाटतो म्हणून जास्त घातक. त्यात तर खोकी बंद करायची तपकिरी टेपसुद्धा चालेल असं लिहिलंय. तोंड बंद राहिलं तर कोरड कमी पडेल, एवढं खरं. पण माणूस तोंड उघडतो त्याला बऱ्याचदा कारण असतं. नाकाचं हाड वाकडं असतं, सर्दी असते, अ‍ॅलर्जी असते. नाक अर्धं बंद असलेल्या माणसाचा दुसरा दरवाजाही तुम्ही बाहेरून लावून घेताय. रात्री उलटी झाली तर?

आणि मे महिन्यातल्या ग्वाल्हेरात राहून लाइट जाण्याचा विचार ज्याने केला नाही, त्याला काय म्हणावं! पारा ४५च्या वर, लू दिवसभर भाजून गेलेली, रात्री दोन वाजता ट्रान्सफॉर्मर बसतो. मशीन बंद. हवेचा झोत थांबला की मास्कमध्ये स्वतःचाच सोडलेला श्वास पुन्हा आत घेतला जाऊ लागतो. तोंडही झाकणाऱ्या मोठ्या मास्कला अशा वेळी बाहेरची हवा आत येऊ देणारी झडप असते. नाकावरच्या छोट्या मास्कला सहसा ती नसते. तिथे झडपेचं काम करतं आपलं तोंड. त्यावर टेप मारायची? ज्यांची बोटं संधिवाताने आखडलीत, ज्यांना अंधारात चष्मा सापडत नाही, अशा सत्तरीतल्या बायकांना हा सल्ला देणाऱ्याने आधी स्वतःच्या तोंडाला टेप लावून, लाइट गेलेल्या रात्री झोपून दाखवावं.

निलगिरीच्या तेलाचं तसंच. ओव्याचा अर्क, गुलाबपाणी, बामचा गोळा, टाकीत काय काय घालायला सांगितलंय! वाफारा घेणं निराळं, तो पाच-दहा मिनिटांत संपतो. इथे तीच हवा दाबाने, तासन् तास फुप्फुसात जाते. तेलाचे कण श्वासातून आत गेल्याने होणारा न्यूमोनिया वैद्यकात चांगला माहीत आहे, नाकात रोज तेल सोडणाऱ्यांनाही तो झालेला आहे. शिवाय तेलाने मास्कचं सिलिकॉन खराब होतं, ते सील धरत नाही, हवा आणखी निसटते आणि कोरड आणखी वाढते. टाकीत फक्त डिस्टिल्ड पाणी घालायचं आणि ते रोज बदलायचं. तिघरा धरणाचं नळाचं पाणी नको, बोअरचं तर नकोच. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच टाकीत बसेल. आणि न उकळलेल्या पाण्यातले जंतू थेट नाकात घेण्याची हौस कुणाला?

रात्री दोन लिटर पाणी पिऊन झोपाल तर मास्क काढून बाथरूमच्याच फेऱ्या घालाल. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांना तर हे धोक्याचं आहे. गंमत म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियामुळेच रात्री वारंवार लघवीला होतं, आणि मशीन नीट लावलं की बऱ्याच जणांच्या या फेऱ्या कमी होतात.

“सवय लागते” हे तर उलटंच. मशीन काढलं की श्वास पूर्वीसारखा अडकतो, कारण आजार तिथेच आहे. कूलर बंद केल्यावर खोली तापली, तर कूलरने खोलीला सवय लावली असं आपण म्हणत नाही.

कंपनीने मशीनं परत मागवली, हे मात्र खरं. जून २०२१मध्ये फिलिप्सने आपली अनेक मॉडेलं परत बोलावली. मोटरचा आवाज दाबायला आत बसवलेला पॉलियुरेथेन फोम झिजून त्याचे कण आणि वायू हवेत मिसळण्याचा धोका होता. प्रकरण गंभीर होतं, त्या वेळचं जुनं मशीन कुणाकडे असेल तर त्याचा नंबर आजही तपासून घ्यावा. पण त्याचा तोंडाच्या कोरडेपणाशी काहीही संबंध नाही. आणि तो फोम झिजण्याला हातभार लावणाऱ्या गोष्टींमध्ये त्याच सूचनेत कशाचं नाव होतं? ओझोनने सफाई करण्याचं! अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, तर त्याच्याही आधी, २०२०मध्ये, सीपॅपसाठी विकल्या जाणाऱ्या ओझोनच्या उपकरणांबद्दल सावध केलं होतं. फॉरवर्डवाले एका हाताने ती भीती घालतात आणि दुसऱ्या हाताने तोच डबा विकतात. मास्क आणि टाकी धुवायला कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो.

आता आत्याचं. मशीन कपाटातून काढून स्क्रीन पाहिला, तर जवळजवळ प्रत्येक रात्रीच्या नोंदीत मास्कच्या सीलसमोर तोंड पाडलेला चेहरा. हवा निसटतेय असं मशीन रोज सांगत होतं, पण ते बघायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मास्कचं माप घेतलं तेव्हा तिच्या तोंडात कवळी होती. रात्री ती कवळी काढून वाटीत ठेवते, गाल आत जातात, मास्क ढिला पडतो. ज्या अवस्थेत झोपतो त्याच अवस्थेत माप घ्यायचं, ही साधी गोष्ट. वर नाक कायम चोंदलेलं, त्यासाठी ती रोज रात्री सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी घेते, आणि सेट्रिझिननेही तोंड कोरडं पडतं. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्यावरची औषधं, वाढलेली साखर यांनीही पडतं. दिवसासुद्धा कोरड पडत असेल तर मशीनला दोष देण्याआधी गोळ्यांचा डबा डॉक्टरांपुढे रिकामा करावा. आणि दातांच्या डॉक्टरांनाही सांगावं, कारण लाळ कमी झाली की उरलेले दात लवकर किडतात.

डॉक्टरांकडे जाताना मशीनचं नोंदी साठवणारं कार्ड आणि मास्क दोन्ही न्या. कोरड पडते एवढंच सांगू नका. हवा किती निसटते, तासाला किती वेळा श्वास अडतो, हे दोन आकडे बघायला लावा. नाकाला खारं पाणी किंवा स्प्रे, मास्कचं दुसरं माप, तोंडही झाकणारा मास्क, हनुवटीचा पट्टा, दाबात बदल, यातलं काय हवं ते त्यावरून ठरतं. पट्ट्याचा सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही, ओठांच्या फटीतून हवा तरीही निघते. दाब मात्र घरी कुणी मनाने बदलू नये. आत्याची वेळ पुढच्या मंगळवारची मिळाली आहे, तोवर मशीन लावूनच झोपायचं कबूल करून घेतलंय, ह्युमिडिफायर दोन घर खाली आणून.