टोनी स्टार्कची भीती आणि थॉरचे दुःख

सुपरहिरोंच्या चित्रपटांना मानसशास्त्रीय खोली आली आहे, असे हल्ली सर्रास म्हटले जाते आणि पुरावा म्हणून नायकाच्या बालपणीच्या आघाताकडे बोट दाखवले जाते. मला हे पटत नाही. डोळ्यांदेखत आईवडिलांचा खून पाहिलेला मुलगा बॅटमॅनच्या कथेत १९३९ पासूनच आहे. जुना आघात पात्राच्या वागण्याचे कारण सांगतो, एवढेच. तो आजच्या झोपेत, नात्यांत आणि निर्णयांत ढवळाढवळ करू लागतो, तेव्हा कुठे पात्राला खोली येते.

‘आयर्न मॅन ३’ (२०१३) मला म्हणूनच मोलाचा वाटतो. त्याआधीच्या ‘द ॲव्हेंजर्स’मध्ये टोनी स्टार्क, म्हणजेच आयर्न मॅन, अण्वस्त्र घेऊन आकाशातल्या विवरात शिरतो आणि मरता मरता वाचतो. जगाच्या लेखी तो विजय असतो. त्याच्या लेखी मात्र तो प्रसंग संपलेलाच नसतो. झोप लागत नाही म्हणून तो एकामागून एक चिलखते बनवत सुटतो. उपाहारगृहात मुलांच्या चित्रावर सही करताना त्याचा जीव घाबरा होतो, तो बाहेर धावतो, चिलखतात शिरतो आणि जार्विस या आपल्या संगणकीय मदतनिसाला आधी हृदय, मग मेंदू तपासायला लावतो. निदान होते ते तीव्र चिंतेच्या झटक्याचे, आणि त्यावर त्याचा विश्वासच बसत नाही. पुढे एका रात्री तो दुःस्वप्नात तळमळत असताना, झोपेतच बोलावले गेलेले चिलखत त्याच्या प्रेयसीवर, पेपरवर, चाल करून येते. भीतीपासून वाचण्याची धडपडच भीतीला जिवंत ठेवते, हे चिंताविकारांवर उपचार करणारे तज्ज्ञ सांगतात. इथे ते एकाही व्याख्यानाशिवाय दिसते. शेवटाकडे हा त्रास फार लवकर आवरला जातो, ही उणीव मी मान्य करतो.

‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’मधल्या (२०१९) थॉर या गर्जनेच्या देवाच्या बाबतीत मात्र मला मनापासून वाईट वाटते. आई, वडील, भाऊ, राज्य असे सारे गमावलेला आणि विश्वातले अर्धे जीव नष्ट करणाऱ्या थॅनोसला वेळीच न रोखल्याचा दोष स्वतःला देणारा हा माणूस पाच वर्षे दारूत बुडून घरात कोंडून घेतो. थॅनोसचे नाव निघताच तो बिथरतो. लक्षणे इतकी अचूक टिपूनही चित्रपट त्याच्या सुटलेल्या पोटावर वारंवार हशा मिळवतो. भूतकाळात जाऊन ॲसगार्ड या आपल्या राज्यात आईशी होणारी त्याची भेट अतिशय सुंदर आहे, कारण तिथे त्याचे कोणीतरी ऐकून घेते; तीन तासांच्या चित्रपटात त्याच्या सोबत्यांपैकी एकालाही हे करायला लावणे अवघड नव्हते.